मेंबरीणबाईंचा अंगठा

मेंबरीणबाई सभेला येत तेव्हा उजव्या हाताचा अंगठा पदरात गुंडाळलेला असे. मी ठरावाचं बुक पुढे सरकवलं की त्या म्हणत, "आगुदर वाच, भाऊ. मंग आंगठा." वाचून होईपर्यंत अंगठा पदराबाहेर येत नसे.

केनवडच्या बाजाराला जाणाऱ्या एका गावात मी तेव्हा ग्रामसेवक होतो. आमचा जिल्हा त्या वेळी अकोला. माझी बायको कारंज्याला शाळेत शिकवायची आणि मी इथे पंचायतीच्या खोलीतच चूल मांडून राहायचो. मेंबर लोकांची रीत सोपी होती. कोऱ्या पानाच्या तळाशी सही ठोकायची, चहा प्यायचा आणि उठायचं. वरचा मजकूर मी मग सवडीने भरायचो. आजूबाजूच्या पंचायतींतही असंच चाले. त्यामुळे अक्षरओळख नसलेली एकटी बाई सगळा ठराव वाचून घेते, याची सगळ्यांना मोठी गंमत वाटे. सरपंच मला म्हणत, "वाचा हो, तुमच्या साह्यबीनले वाचून दाखवा."

बाई ऐकतही बारकाईने. एकदा मी 'गावाच्या हितार्थ' असं वाचलं, तर म्हणाल्या, "गाव म्हंजे कोन? आमचा पुरा हाय का त्याच्यात?" मी हो म्हटलं. "मंग तसं लेह्य." आणि खरोखर 'बौद्धपुऱ्यासह' असे शब्द मला घालावे लागले. पुढे प्रत्येक ठरावात ते शब्द आहेत की नाहीत हे त्या कान देऊन तपासत.

त्यांचा सगळा जीव बनात होता. नाल्याच्या काठाला पंचायतीच्या जागेवर बाभळी आणि कडुलिंबाचं बन होतं आणि त्याच्या खालच्या अंगाला वाळूत एक झिरा. पुऱ्यातल्या बाया त्या झिऱ्याचं पाणी भरत. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरी तळाला गेल्या, पण झिरा वाटी-वाटीने का होईना, पाझरत राहिला. लोक तेव्हा दिसेल ते झाड तोडून विकत होते. बाईंनी पुऱ्यातल्या बायांच्या पाळ्या लावल्या. दोघी दोघींनी भाकरी बांधून दिवसभर बनात बसायचं. कोणी कुऱ्हाड घेऊन आला की बाई म्हणायच्या, "वाळलेलं ने, बाबा. हिरव्याले हात लावू नको. बन हाय तं झिरा हाय." चुलीला, मयताला वाळलं लाकूड द्यायचं आणि बनात शेळ्या सोडायच्या नाहीत, असे दोन ठराव त्यांनी पंचायतीत करून घेतले. दोन्ही मीच वाचून दाखवले. ते काम मला आवडायचं. त्यांच्यासमोर वाचताना आपण लिहिलेल्याला काही अर्थ आहे असं वाटायचं.

दुष्काळ सरला आणि सरपंचांच्या डोक्यात पंचायतीची नवी इमारत आली. बनाचा लिलाव केला की काम उभं राहतं, असं ते मला ऐकवू लागले. वीटभट्टीवाला तयारच होता. बाईंनी उलट मागणी केली: बनाला पंचायतीने कायमचा राखण्या नेमावा. तो विषय सभेत घ्यायचं ठरलं.

सभेच्या दिवशी सकाळीच बाई धापा टाकत आल्या. हातात पिशवी. शेलूबाजारला त्यांची लेक बाळंतपणाला अडली होती आणि फाट्यावर एसटी यायची वेळ झाली होती. "भाऊ, आज वाचून घ्याले टाइम नाई. बनाले राखण्या ठेवाचा, तेवढंच लेह्यजो," म्हणाल्या आणि पदरातून अंगठा काढला. मी कोरं पान उघडलं. त्यांनी अंगठा उमटवला, शाई केसांना पुसली आणि गेल्या. कोऱ्या पानावरचा त्यांचा तो पहिला अंगठा.

दुपारी सरपंच म्हणाले, "लिहा, बनाचा लिलाव करायचं ठरलं. अन् हो, तुमच्या कारंज्याच्या बदलीचं मी पंचायत समितीत बोलून ठेवलं हाय." मी लिहिलं. शेवटी 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. तेव्हा मला फार वाईट वाटलं असं आज म्हटलं तर ते खोटं होईल. संध्याकाळी मी पिठलं केलं, जेवलो आणि झोपलो.

बाई महिन्याभराने परतल्या. लेक आणि नात सुखरूप होत्या. फाट्यावरून गावात येताना बन लागायचं, तिथे आता बुंधे होते. त्या पिशवीसकट पंचायतीत आल्या आणि म्हणाल्या, "वाच, भाऊ."

मी वाचलं. सगळं वाचलं.

"सर्वानुमते म्हंजे काय?"

"सगळ्यांनी हो म्हटलं."

"म्या बी?"

"हो."

त्यांनी स्वतःचा अंगठा एकदा उलटसुलट करून पाहिला. "बरं," म्हणाल्या आणि पिशवी उचलून घरी गेल्या. काहून लेह्यलं, असं त्यांनी मला तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही.

त्या पावसाळ्यात उघड्या काठाची माती नाल्यात उतरली आणि झिरा बुजला. बायांनी दोनदा उपसला, दोनदा तो पुन्हा भरला. मग पुऱ्यातल्या बाया हंडे घेऊन पार खालच्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. त्यांचा रस्ता पंचायतीच्या नव्या इमारतीपुढून जायचा. मी टेबलाशी बसून त्यांना जाता-येता पाहायचो आणि सरकारी नमुन्यांचे कागद भरायचो.

बाई सभा चुकवत नव्हत्या. मात्र आता मी बुक उघडायच्या आधीच त्यांचा अंगठा पुढे असे. "कुठी लावू?" एवढंच विचारत. मी कोणी न सांगता मोठ्याने वाचायचो. त्या दाराबाहेर बघत बसायच्या. म्हातारपणाने थकल्या, असं मी स्वतःला समजावलं. दोन वर्षं समजावलं.

मग बदली झाली, रीतसर, कोणाच्या शब्दावाचून. नव्या ग्रामसेवकाला चार्ज दिला त्या दिवशीच सभा होती. त्याने कोरं पान बाईंपुढे सरकवलं. मी सवयीने शाईचं पॅड उघडून धरलं. बाईंनी अंगठा पदरात गुंडाळला आणि त्याला म्हणाल्या, "आगुदर वाच, भाऊ. मंग आंगठा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई नेहमी वाचून घेतात?"

"घेतात," मी म्हणालो.

त्याने विषय लिहून काढला आणि वाचला. बाई पुढे सरकून ऐकत होत्या. 'बौद्धपुऱ्यासह' राहिलं होतं, ते त्यांनी घालायला लावलं.

निघताना मी नमस्कार केला. "जयभीम," त्या म्हणाल्या. "पोचल्यावर चिठ्ठी टाकजो. आता वाचून दाखोयाले मानूस हाय."

कारंज्याला पोचल्यावर मी कागद घेऊन बसलो. लिहायची गोष्ट एकच होती, त्यांनी न विचारलेली. ती नव्या ग्रामसेवकाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवली असती आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकली असती. मी कागद फाडला.