नगाच्या रकान्यात

"आधी वस्तू बघ, मग आकडा बोल."

आमच्या कारखान्यातल्या स्टोअरच्या खिडकीशी जाऊन कोणी "काका, चार वॉशर द्या" म्हटलं की ते आधी हे वाक्य म्हणायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून वॉशर तळहातावर घ्यायचे आणि बघायचे. रोज तोच वॉशर, रोज तसंच बघणं. इकडे मशीन बंद पडलेलं, ऑपरेटर खिडकीच्या पत्र्यावर बोटं वाजवतोय. "ओ जपान, मुलगी बघायला आलाय का? द्या ना पटकन." ते शांतपणे चार मोजून द्यायचे आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचे. काय पुटपुटतात ते कोणाला ठाऊक नव्हतं. पहिलं वर्षभर मलाही नव्हतं.

असा एखादा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. सगळे त्याला टोपणनावानं हाक मारतात, पण ते नाव कशावरून पडलं हे कोणी विचारत नाही.

आमचा कारखाना नवी मुंबईत, पावण्यात. पाईपच्या जोडातून पाणी गळू नये म्हणून बसवतात त्या रबराच्या चकत्या तिथं बनतात. मी पॅकिंगला. हिंगोलीकडची. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं करायला कोणीतरी घरात हवं होतं, म्हणून आठवीत माझी शाळा सुटली. सहा वर्षं त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं. ते गेले, आणि एका मावसबहिणीच्या ओळखीनं मी इकडे आले. तळवलीत तिघींत एक खोली. मला सगळ्याचीच भीती वाटायची. खोकं चिकटवून झालं की आत चकत्या बरोबर गेल्या ना, या शंकेनं ते पुन्हा उघडायची. सुपरवायझरनं नुसतं नाव घेतलं तरी हातातलं खोकं खाली ठेवून उभी राहायची.

जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला मुली घेतात, दहावीचा दाखला लागत नाही, भाषेची आणि कामाची परीक्षा दिली की झालं, असं खोलीतल्या एकीनं सांगितलं. म्हाताऱ्यांची सेवा मला येत होती. जगात मला येणारी तेवढी एकच गोष्ट. मी जुनं पुस्तक आणलं आणि मोजायच्या धड्यावर अडकले. लांब वस्तू मोजायच्या तर आकड्याला एक शेपूट, चपट्या वस्तूंना दुसरं, यंत्रांना तिसरं, जनावरांना चौथं, माणसांना वेगळंच. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी ते घोकत बसले होते.

"एनपित्सु इप्पोन," मागून आवाज आला. "पेन्सिल एक. लांब आहे ना, म्हणून."

स्टोअरवाले काका होते. तरुणपणी तीन वर्षं जपानातल्या एका कारखान्यात काम शिकायला राहिले होते. जपान म्हणतात ते त्यावरून, हे मला त्या दिवशी कळलं.

"तुम्हाला येतं, काका?"

"यायचं. बावीस वर्षांत कोणाशी बोललो नाही. अजून येतं का बघू."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाची अर्धी सुट्टी मी स्टोअरमध्ये. तेव्हा ध्यानात आलं की खिडकीशी ते जपानीत मोजत पुटपुटायचे, आणि मांडण्याही त्यांनी तशाच लावल्या होत्या. एका रांगेत सगळं लांबट: पाईप, ब्रश, पट्टे, तेलाच्या बाटल्या, कोपऱ्यात झाडू. दुसऱ्या रांगेत चपटं: पत्रे, चकत्या, पुठ्ठे, घडी केलेले ॲप्रन. कारखान्यातल्या कोणत्याही माणसाला ही मांडणी वेड्यासारखी वाटायची आणि त्यांना मात्र लाईट गेली तरी कुठलीही वस्तू हाताला लागायची.

"झाडू?"

"इप्पोन."

"ॲप्रन दोन?"

"निमाई."

"तुझ्या डब्यातली भाकर?"

मी विचारात पडले. "चपटी आहे. इचिमाई?"

"बघ, भाकरीनं पास केलं तुला."

माणसांशी आलो तेव्हा गाडी पुन्हा अडली. एक माणूस हितोरी, दोन माणसं फुतारी, तिसऱ्यापासून मात्र सरळ आकडा आणि 'निन'. पहिल्या दोघांचंच वेगळं का? त्यांनी डोकं खाजवलं. "पुस्तकात काय असेल ते असो. मला वाटतं, एक माणूस, दोन माणसं मोजावी लागत नाहीत गो. ती दिसतातच. तिसऱ्यापासून मोजायचं."

मी म्हणाले, "मला नाही जमायचं काका. माझं डोकं आठवीतच थांबलंय."

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. "मेथीची काय म्हणतात?"

"जुडी."

"केळ्याची?"

"फणी."

"लसणाची?"

"गड्डी. कडब्याची पेंढी, भाकरीची चवड, उसाची मोळी."

"चवड म्हणजे?"

"एकावर एक रचलेल्या. तुमच्याकडं नाही म्हणत?"

"आमच्याकडे भात," ते म्हणाले आणि खिशातल्या डायरीत 'चवड' लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. "एवढं सगळं शाळेत शिकवलं का तुला? मग हेही येईल."

माझ्याकडून शिकून कोणी काही लिहून घेतलं, असं तोवर कधी झालं नव्हतं. त्या रात्री खोलीत मी ओट्यावरची भांडी, दोरीवरचे कपडे, खिडकीतली कबुतरं, सगळं मोजून काढलं. दोघी हसून लोळल्या.

स्वतःबद्दल ते फार बोलत नसत. एकदा म्हणाले, "तिकडे खानावळीत शिरलं की दारातच विचारतात, किती जण. मी तीन वर्षं रोज एक बोट वर केलं. इथे विचारत नाहीत, एवढाच फरक." आणखी एकदा मी विचारलं, परत का आलात. तेव्हा पट्ट्यांची गुंडाळी नीट करत त्यांनी सांगितलं. आई गेल्याचं घरच्यांनी त्यांना दोन महिन्यांनी कळवलं होतं. त्यांचं तिथलं शिकणं मध्येच सुटू नये म्हणून. "परत आलो, पण गावी नाही गेलो. आता कोणाकडे जायचं?" मग लगेच, "तू घरी फोन करतेस ना रोज? कर. तुझंही सांग, त्यांचंही विचार."

परीक्षा झाली, पास झाले. उरली मुलाखत. वाशीतल्या ज्या ऑफिसातून मुली पाठवतात तिथल्या मॅडमनी सांगितलं, एका जागी टिकून काम केल्याचा कंपनीचा दाखला आणा, त्याशिवाय नाव पुढे जाणार नाही. मॅनेजर साहेब म्हणाले, गिऱ्हाईक कंपनीची तपासणी होऊ दे, मग सही करतो.

तपासणीच्या आधी काका तापानं पडले. स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला एक कार्ड लटकवलेलं असतं, त्यावर वस्तूचं नाव, किती नग, तारीख. जुनी कार्डं तेलानं काळी झाली होती. साहेबांनी मला सांगितलं, तू त्यांच्याकडे बसतेस ना, नवीन लिहून काढ. तीन दिवस मी लिहीत होते. आणि मला काय सुचलं, तर जिथं नुसतं 'नग' लिहायचं त्या रकान्यात मी जपानी चिन्हं काढली. लांब वस्तूंना झाडासारखं दिसणारं, चपट्या वस्तूंना त्यांचं. काका तापातून उठून येतील, कार्ड हातात घेतील आणि हसतील, एवढंच डोळ्यांपुढे होतं. दोनशेच्या वर कार्डं. एकही खाडाखोड नाही.

काकांच्या आधी तपासणीवाले आले. "हे कसलं मार्किंग? कोणत्या यादीत आहे?" असं चिन्ह कुठल्याच यादीत नव्हतं. त्यांनी आमच्या कंपनीच्या नावावर शेरा मारला आणि पंधरा दिवसांत काय कारवाई केली ते कळवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. काका जेमतेम उभे होते, कानाला मफलर.

"कोणी लिहिलंय हे?"

माझा दाखला त्यांच्या टेबलावरच होता, सही नसलेला. मला तो दिसत होता. 

"मीच सांगितलं होतं तसं लिहायला," काका म्हणाले. "तिनं फक्त उतरवलं. जुनी सवय आहे साहेब माझी, सगळ्यांना माहितेय."

मी खाली बघत राहिले. माझ्या चपलेचा पट्टा उसवला होता, तो अजून आठवतो.

दाखल्यावर त्याच आठवड्यात सही झाली. काकांना कंपनीच्या कळंबोलीच्या यार्डात पाठवलं. जाताना ते मला म्हणाले, "जनावरांचं कच्चं आहे तुझं. ते बघ."

सुट्टीच्या दिवशी मी कळंबोलीला गेले. लोखंडाचा बाजार, ट्रकांच्या रांगा, धूळ. वजनकाट्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये ते बसले होते. ट्रक काट्यावर चढला की पडद्यावर वजन उमटतं, ते पावतीवर उतरवायचं. दिवसभर तेच.

"इथे काही मोजत नाहीत गो," ते म्हणाले. "सळ्या असोत नाहीतर पत्रे, सगळं टनात. बघावंच लागत नाही."

मी म्हणाले, "काका, त्या दिवशी केबिनमध्ये मी..."

"थांब, गाडी आली."

गाडी गेली. मी पुन्हा तोंड उघडलं. त्यांनी मुलाखतीतले प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरी किती माणसं? कोणाची सेवा केलीस? किती वर्षं? मी उत्तरं देत गेले. मध्ये दोनदा मी त्या दिवसाच्या गोष्टीवर आले आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, गाडी आली. दुसऱ्या वेळी रस्त्यावर एकही गाडी नव्हती.

पुढच्या काही महिन्यांत मुलाखत झाली, माझी निवड झाली. त्याच दिवशी मी साहेबांकडे गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं की ती चिन्हं माझ्या मनानं मी काढली, काकांना काही माहीत नव्हतं.

साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला. "तीन दिवस तो तापात होता, फोनसुद्धा उचलत नव्हता. सांगणार कधी? मला काय कळलं नव्हतं?"

"मग त्यांनाच का पाठवलंत?"

"कागदावर काहीतरी कारवाई दाखवावी लागते. तो म्हणाला, मला पाठवा, तिच्या दाखल्यावर सही करा." मग कप पुन्हा जवळ ओढत म्हणाले, "तू येऊन सांगशील असं वाटलं होतं मला. त्याच दिवशी."

मी परत कळंबोलीला गेले. केबिनमध्ये दुसराच माणूस होता, दाढीवाला, माझ्याच वयाचा.

"ते काका? सोडून गेले. दोन महिने झाले."

"कुठं?"

"काय बोलले नाय. ते बोलायचेच नाय ना. तुमी कोण त्यांच्या?"

मी मोबाईल काढला. त्यांचा फोन लावला, तो बंद होता. यायला मी उशीर केला होता, निवडीची वाट बघत, दाखला पुरता हातात राहील याची खात्री होईपर्यंत. पुढच्या महिन्यात मला निघायचं आहे. जे सांगायला आले होते ते तसंच घेऊन मी तिथं उभी राहिले, किती वेळ कोण जाणे.

"ताई," त्यानं खिडकीतून हाक मारली, "काट्यावरनं उतरा जरा. रिकामी गाडी लावायचीय, तुमचं वजन धरतोय तो."

मी पायाखाली पाहिलं. लोखंडी पत्र्याच्या मधोमध उभी होते. केबिनच्या काचेतून पडद्यावर चाळीस किलोचा लाल आकडा दिसत होता. मी बाजूला झाले. आकडा जरासा हलला आणि शून्यावर आला.