प्रल्हाद वकिलांचा डमी

डहाणूच्या कोर्टाबाहेर माझं टाइपरायटरचं टेबल होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्र, मुखत्यारपत्र, जे लागेल ते मी टाइप करून द्यायचो. त्यातले निम्मे कागद प्रल्हाद चुरी वकिलांचे असायचे, आणि त्या निम्म्यांतले बहुतेक तारीख पुढे मागण्याचे. अशील आजारी आहे, साक्षीदार गावी गेलाय, कागदपत्रं मिळायची आहेत. कारणांचा साचा तयार होता, मी फक्त नाव बदलायचो.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही एका वर्गात शिकलो. सायवनहून चालत आलेल्या अशिलाला तो आपल्या डब्यातली भाकरी द्यायचा, कुणावर कधी आवाज चढवायचा नाही. फक्त एखादं प्रकरण संपवावं असं त्याला आतून कधी वाटलंच नाही. एकदा नवीन आलेल्या न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारलं, "चुरी, आजवर एखादा दावा शेवटपर्यंत नेलाय का तुम्ही?" सगळे हसले. प्रल्हादही हसला, पण घरी जाऊन दोन दिवस धड जेवला नाही, असं सुधावहिनींनी मला सांगितलं.

त्यानंतर त्याच्या डोक्यात नगरपालिका शिरली. नव्वद सालानंतरची ती निवडणूक. पन्नाशी आली, आयुष्यात एक तरी गोष्ट जिंकायची, असं तो म्हणायला लागला. नावापुढे नगरसेवक लागलं की कुणाची हसायची हिंमत होणार नाही, अशी त्याची समजूत. नगरसेवकांना लोक जास्तच हसतात हे मी त्याला बोललो नाही. एवढा रंगात आलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पक्षाने तिकीट दिलं नाही, म्हणून अपक्ष. अर्ज मीच टाइप केला. मग म्हणाला, "आता एक डमी लागेल."

"अपक्षाला डमी कशाला रे?"

"छाननीत माझा अर्ज उडाला तर? कायद्याच्या माणसाने दोन्ही बाजू धरून ठेवायच्या."

डमी म्हणून त्याने निवडलं निर्मलाबाईंना. रेल्वेतल्या फिटरची विधवा, गल्लीत बालवाडी चालवायच्या. शेजारच्या चिमणभाईने एकोणऐंशी साली त्यांच्या वहिवाटीच्या वाटेवर भिंत घातली आणि तेव्हापासून त्या विहिरीवर लांबून वळसा घालून जात होत्या. दावा प्रल्हादकडे, बारा वर्षं. इतका विश्वासू माणूस दुसरा कुठे मिळणार? प्रल्हादने सांगितलं आणि त्यांनी सही केली. घाईघाईत त्याने सूचक म्हणून लाडकीबाईंची सही घेतली, ज्यांचं नाव शेजारच्या वॉर्डाच्या यादीत होतं. सूचक त्याच वॉर्डाचा मतदार लागतो, माझ्या ते लक्षात आलं. "डमी तर आहे, माघारच घ्यायचीये," म्हणून त्याने हात झटकले. छाननीतही ते कुणाच्या नजरेला आलं नाही.

माघारीची मुदत दुपारी तीनपर्यंत. प्रल्हाद सकाळीच स्कूटर घेऊन निघाला. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या पाया पडला, तसाच पुढे तलासरीला एका अशिलाची जमीन बघायला गेला आणि तिथेच जेवला. कोर्टात पुकारा तीनदा होतो, पहिल्याला गेलं काय, तिसऱ्याला गेलं काय, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की घड्याळाकडे बघायची त्याला गरजच वाटली नाही.

इकडे निर्मलाबाई अकरापासून तहसील कचेरीच्या बाकावर बसलेल्या. कारकून तीनदा बाहेर आला. "बाई, फक्त सही करायचीये. करा आणि सुटा."

"माझे वकील येऊ द्या," त्या तिन्ही वेळा म्हणाल्या. "त्यांनी सांगितलंय, मी आल्याशिवाय कशावर सही करायची नाही."

बारा वर्षं प्रल्हाद त्यांना हेच बजावत आला होता. मीही बाजूला बसून सांगून पाहिलं. माझ्याकडे त्यांनी अशा नजरेनं बघितलं की जणू मी चिमणभाईचा माणूस आहे.

तीन वीसला प्रल्हाद आला. दार बंद झालं होतं. मग त्या शहाण्याने काय करावं? माझ्या टेबलाशी धावत आला आणि विलंब माफीचा अर्ज टाइप करायला सांगितला. निवडणूक अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "वकीलसाहेब, इथे पुढची तारीख नसते."

दुसऱ्या दिवशी चिन्हं वाटली. प्रल्हादला छत्री, निर्मलाबाईंना कपबशी.

बिचाऱ्या बाईंना रडू आवरेना. आपल्यामुळे वकीलसाहेबांची मतं फुटणार! त्याचं प्रायश्चित्त म्हणून बालवाडी सुटली की त्या रोज घरोघर जायला लागल्या. दारात उभ्या राहून हात जोडायच्या, "मला मत देऊ नका हो. वकीलसाहेबांना द्या. कपबशीवर चुकून शिक्का मारू नका."

असा उमेदवार वॉर्डाने कधी पाहिला नव्हता. लोक त्यांना आत बोलवायचे, चहा द्यायचे. कुठल्या नळाला पाणी येत नाही, कुणाचं गटार तुंबलंय, ते सांगत बसायचे आणि बाई मन लावून ऐकायच्या, कारण वकीलसाहेबांना सांगायला हवं. अर्ध्या घरांतली पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. प्रल्हाद मात्र रिक्षावर कर्णा लावून कलमं आणि पोटकलमं समजावत फिरत होता. खुद्द चिमणभाई मला म्हणाला, "वकीलसाहेब माणूस सारू छे, ना नाही. पण नगरपालिकेत गेले तर आमच्या गटारलाबी तारीख पडेल ने?"

मी हे प्रल्हादला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तो इतका खूश होता, त्याला वाटत होतं बाई त्याचाच प्रचार करतायत. तसा तो प्रचार त्याचाच होता म्हणा.

मतमोजणीला मी त्याचा प्रतिनिधी म्हणून टेबलाशी बसलो. कपबशीचा गठ्ठा वाढायला लागला तेव्हा मी मान वर करून प्रल्हादकडे बघायचं टाळलं. शेवटी निर्मलाबाई दोनशे चौदा, प्रल्हाद दोनशे तीन, पक्षाचा उमेदवार त्याच्याही खाली. त्या दोनशे चौदांत माझं मत होतं का, ते विचारू नका.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "फेरमोजणी हवी?"

प्रल्हाद खुर्चीवर बसून होता. चेहरा पार उतरलेला. मला त्याची फार दया आली, खोटं कशाला बोलू. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "लाडकीबाईंची सही. दावा टाक, निवड रद्द होईल." तो एकदम ताठ बसला. विसरलाच होता तो. मग त्याने समोर बघितलं. निर्मलाबाई पदराने डोळे पुसत त्याच्याकडे येत होत्या.

"वकीलसाहेब, मला नको हे. मी राजीनामा देते. कुठं सही करू सांगा."

प्रल्हाद उठून उभा राहिला. सगळे बघत होते. त्या क्षणी त्याच्यात जो मोठेपणा आला, तो मी आधी कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "कशावरही सही करू नका. फेरमोजणी नको साहेब, लिहून घ्या. बाई, तुमच्या अर्जात सूचकाची चूक आहे, माझीच. मी दावा टाकला तर शंभर टक्के जिंकेन. पण टाकणार नाही. आणि टाकला तरी घाबरायचं कारण नाही. निकाल लागेपर्यंत तुमची पाच वर्षं आरामात संपतील. आपलं कोर्ट मला ठाऊक आहे."

लोक हसले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. प्रल्हादलाही हसू आलं. त्या हसण्यात त्याचं हरल्याचं दुःख थोडं कमी झाल्यासारखं दिसलं.

निर्मलाबाई हसल्या नाहीत. डोळे पुसायच्या थांबल्या.

"किती वर्षं लागणार ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं?"

"वकिलीत तेवढा अंदाज येतोच बाई."

"मग माझी भिंत?" त्या म्हणाल्या. "ती पण ठाऊक होती?"

प्रल्हादने उत्तरासाठी माझ्याकडे बघितलं. त्या दाव्यातले तारखेचे सगळे अर्ज मीच टाइप केले होते. मी टेबलावरचे कागद आवरायला घेतले.