राज्यपालपदाचे आमचे उमेदवार

ज्या पदाची निवडणूकच होत नाही त्या पदासाठी दारोदार फिरून प्रचार करणारा माणूस उभ्या भारतात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामांचे अकोल्यात बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, सतरंज्या, दोनशे माणसांचे वरण एका वेळी शिजेल असले गंज आणि एक भोंगा, एवढ्या सामानावर त्यांनी चाळीस वर्षे गावाची लग्ने, बारशी आणि तेरव्या निभावून नेल्या. सगळ्या पक्षांच्या सभांनाही सामान त्यांचेच. त्यामुळे आपल्याएवढे राजकारण कोणी जवळून पाहिलेले नाही असे त्यांचे मत आहे, आणि ते खोटे म्हणता येत नाही, कारण सभा संपल्यावर नेते निघून जातात, मामा खुर्च्या गोळा करायला थांबतात. माणसाची पारख ते खुर्चीवरूनच करतात. "जो हातानं खुर्ची सरकोते तो माणूस बरा असते जी," ते मला म्हणाले होते. "लाथेनं सरकोते, तो निवडून येते."

राज्यपाल व्हायचे त्यांनी कधी ठरवले ते नक्की सांगता येणार नाही, पण मला ते कळले ते छापील पत्रकावरून. वर मामांचा फेटा बांधलेला फोटो, खाली 'राज्यपालपदाचे उमेदवार', आणि चिन्ह गंज. मी अमरावतीला एका सरकारी कचेरीत अधिकारी आहे, आणि अज्ञान दूर करणे आपले कर्तव्य आहे असे समजून मी त्यांना सांगितले की मामा, राज्यपालाला मते नसतात, राष्ट्रपती नेमणूक करतात. मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "मालूम हाय मले. मतच नाईत तं पडाची भीती नाई. याच्यापेक्षा चांगली जागा कोणती?" मग प्रचार कशाला, असे मी विचारले. "वळख देऊन राहिलो, जवाईबापू. उद्या नेमणूक झाली आन् लोक म्हणाले, हा कोण बावा? मंग?" चिन्ह गंज का, तर गंजातून सगळ्या पंगतीला एकच वरण जाते, म्हणून.

प्रचाराचा त्यांचा मोसम लग्नसराईचा. मांडव उभा राहिला की भोंगा तपासायच्या निमित्ताने "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, एक, दोन, तीन, गंजाकडे लक्ष असू द्या" एवढे ते म्हणून घेत. तेरवीच्या मांडवात मात्र कडक आचारसंहिता; तिथे पत्रक खिशातून काढायचेसुद्धा नाही. शपथ देणे हे राज्यपालाचे मुख्य काम असल्याने तिचा सराव मात्र बाराही महिने चाले. वलगावला नात्यातल्या एका लग्नात वरात दीड तास उशिरा आली, तेव्हा मामांनी भोंगा हातात घेऊन सगळ्या वऱ्हाडाला उभे केले आणि शपथ दिली: "मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो की ताटात अन्न टाकणार नाई, आन् खुर्चीवर उभं राहून फोटो काढणार नाई." लोकांनी मुकाट्याने हात पुढे करून ती घेतली. नवरदेवाने त्या दिवशी घेतलेल्या सगळ्या शपथांपैकी तेवढी एकच पाळली, असे मुलीकडचे अजून सांगतात.

विरोधी पक्ष घरातच होता. मामी म्हणत, "घरातला नळ सहा महिन्यांपासून गळून राहिला, आन् हे राज्य चालोतीन!" राज्य मुख्यमंत्री चालवतो, राज्यपालाने फक्त लक्ष ठेवायचे असते, असा खुलासा मामांनी केला. "म्हंजे बसून पाहाचं," मामी म्हणाल्या, "मंग जमन तुमाले." मीही एकदा शेवटचा उपाय म्हणून सांगून पाहिले की माणसाला त्याच्या स्वतःच्याच राज्यात राज्यपाल सहसा नेमत नाहीत. "हे पुस्तकात लिवलं हाय काय?" मामांनी विचारले. नाही, रिवाज आहे. "मंग जाऊ दुसरीकडं." आणि ते खरेच नकाशा घेऊन बसले. आसामात पाऊस फार, कनाती सडतील. राजस्थानात वारा, मांडव टिकायचा नाही. शेवटी हिमाचलवर बोट ठेवून म्हणाले, अकोल्याचा मे महिना काढलेल्या माणसाला तेवढा थंडावा सरकारने द्यायला हरकत नाही.

इथवर मी हसत होतो. मग एका रविवारी मामा बसने अमरावतीला आले, पिशवीतून कापडात गुंडाळलेले संविधान काढले आणि एकशे सत्तावन्नावे कलम माझ्यापुढे उघडून ठेवले. "वाचा." मी वाचले. राज्यपाल होणारा माणूस भारताचा नागरिक असावा आणि त्याच्या वयाला पस्तीस वर्षे पूर्ण झालेली असावीत. "तिसरी अट सांगा," मामा म्हणाले. तिसरी अट नव्हती. "मीनं तीन खेपा वाचलं. शाळा इचारली नाई. जात इचारली नाई. बाप काय करे, ते इचारलं नाई." मग कलमावर बोट ठेवून म्हणाले, "माहा बाप लोकाइच्या लग्नात सतरंजी आंथरे, जवाईबापू. त्या सतरंजीवर त्याले कोणी बसू दे नाई. बसा म्हणाची वेळ आली तवा तो रायला नाई. आन् हे पुस्तक म्हणते, तुले पस्तीस झाले ना? मंग बस. मले सत्तर झाले. म्हंजे दोन डाव पात्र झालो मी." तेवढ्यासाठी त्यांना राष्ट्रपतींच्या नावे अर्ज करायचा होता. नेमणूक झाली तर उत्तमच. पण अर्ज तिथवर पोचावा आणि त्याचे उत्तर यावे, एवढी त्यांची फार इच्छा होती. अमरावती हे विभागाचे ठाणे, त्यातून जावई अधिकारी. इथून गेलेल्या कागदाला वजन राहील असा त्यांचा हिशेब. मी अर्ज लिहिला, त्यांनी सही केली, आणि उद्या टाकतो म्हणून मी पाकीट ठेवून घेतले.

ते मी टाकले नाही. खरे कारण सांगतो: मला लाज वाटली. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता माझा होता. उद्या त्यावर चौकशी आली, कचेरीत कोणी विचारले, साहेब, हे बिछायतवाले राज्यपाल तुमचे कोण, तर काय सांगणार? वर्षभर ते पाकीट कपाटात कपड्यांखाली पडून होते. मामा दर आठवड्याला फोन करून विचारत, आलं काय काही? आणि मी म्हणे, दिल्लीचा कारभार आहे, वेळ लागतो. मग मामींचा फोन आला. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, लग्नाच्या खुर्च्या मोजताना ते माणसेही मोजू लागले होते, पण दवाखान्यात जायला तयार नव्हते. डोळ्याला पट्टी असताना उत्तर आले तर ते वाचणार कोण? दुसऱ्याच्या तोंडून त्यांना ते ऐकायचे नव्हते. "तुमीच समजवा आता," मामी म्हणाल्या.

अकोल्याला जाऊन, गोदामात सतरंज्यांच्या थप्पीवर मामांशेजारी बसून, मी सगळे सांगितले. मला वाटले होते शिव्या देतील. वऱ्हाडात त्या मोकळ्या मनाने देतात आणि त्या खाल्ल्या की माणूस सुटतो. मामांनी हाताखालच्या सतरंजीची घडी सारखी केली. मग त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला आणि विचारले, "म्हंजे त्याइनं अजून नाई म्हटलं नाई?" "नाही म्हटलेले नाही," मी म्हणालो. "मंग ठीक हाय," ते म्हणाले. वर्षभर त्या माणसाने मनात नकार पचवायला घेतला होता, हे मला तेव्हा कळले, आणि मला माझीच फार शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन अमरावतीला आलो. घरून पाकीट घेतले आणि दवाखान्याच्या आधी पोस्टात गेलो. पाकीट फोडून मामांनी वय एकाहत्तर करून घेतले. खिडकीपाशी उभा असताना मला काय वाटले कोण जाणे, मी पेन काढले आणि त्यांच्या सहीखाली 'शिफारस करणार' म्हणून स्वतःची सही ठोकली. खाली नाव, हुद्दा, कचेरी, सगळे सविस्तर लिहिले. आता येऊ दे कोणाला चौकशीला यायचे ते. मामांनी कागद नाकाशी नेऊन एकेक अक्षर लावत ते वाचले.

"हुद्दा कायले लिवला, जवाईबापू?" ते म्हणाले. "खोडा. नागरिक लिवा."

मी खोडले आणि लिहिले. तेवढा कागद त्यांनी आणखी एकदा नाकाशी नेला, आणि मग स्वतःच्या हाताने पाकिटात घालून खिडकीत दिला. डोळे आता छान झालेत त्यांचे. उत्तर अजून आलेले नाही.