चुकीच्या रांगेतले सासरे

चुकीच्या रांगेत उभा राहून स्वतःचा जीव वाचवलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच होऊन गेला, आणि तो माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. रांग दिसली की या गृहस्थांना राहवत नसे. ऐंशीनंतरची ती वर्षं. रॉकेलला रांग, पामतेलाला रांग, गॅसचा नंबर तर नातवंडांच्या लग्नापर्यंत लागेल की नाही याची शंका. पण रांग कसली आहे, हे सासरे कधी विचारत नसत. सर्वांत आखूड असेल ती आपली, एवढाच त्यांचा नियम. देवरूखला साखरपुड्याला निघालेले ते एस.टी. स्टँडवरच्या आखूड रांगेपायी चिपळूणला पोचले आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाले, "चिपळुणात उकाडा फार हो!" एकदा आहेराच्या रांगेत शिरून अनोळखी नवरानवरीला आशीर्वाद दिले, पोटभर जेवले, आणि मठ्ठा पातळ झाल्याची तक्रार वधूपित्याकडे करून आले.

चष्म्याचा नंबर वाढला म्हणून ते एका शाळेत भरलेल्या मोफत शिबिराला गेले. व्हरांड्यात दोन रांगा होत्या. डोळ्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली. दुसरीत तिघेच, तेही कोणी ओळखू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे. सासरे अर्थातच चौथे झाले. पुढचं त्यांच्याच शब्दांत सांगायला हवं. "मुंबईचा डॉक्टर होता. लेंगा सोडून कुशीवर झोपा म्हणालान. मला वाटलं, असेल बाबा नवीन पद्धत. रबरी मोजा चढवलान आणि बोट घातलंन की हो! मी आपला समोरचा तक्ता मोठ्याने वाचतोय. क दिसतो, ख दिसतो, ग जरा पुसट!" तो तक्ता पहिलीच्या मुलांचा होता. डॉक्टर मात्र हसला नाही. त्याच्या बोटाला प्रोस्टेटवर कडक गाठ लागली होती. मुंबईला तुकडा काढून तपासला तर कॅन्सर निघाला, पण कोवळा, ग्रंथीच्या बाहेर न पडलेला. ऑपरेशन झालं आणि सासरे दीड महिन्यात पूर्वीसारखेच बडबड करत घरी आले. "त्रास व्हायची वाट पाहिली असतीत तर हाडांत गेला असता," असं डॉक्टर म्हणाले होते. त्या दिवसापासून पन्नाशीपुढचा एकही पुरुष त्यांनी सुखाने रस्त्यातून जाऊ दिला नाही.

प्रोस्टेट हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी बसला नाही, त्याचं 'पोस्टेज' झालं. "पन्नाशी उलटली ना? मग पोस्टेज तपासून घ्या!" असं त्यांनी पोस्टमास्तरांना बजावलं तेव्हा त्यांनी निमूटपणे तराजू पुढे केला. सलूनमध्ये शिरून त्यांनी विचारलं, "काय रे, धार कशी आहे?" तर न्हावी म्हणाला, "कालच लावलीय काका, बसा." मासळीबाजारात सुरमईचा भाव करता करता त्यांनी एका निवृत्त मास्तरांना इतक्या तपशिलात माहिती दिली, की कोळीण म्हणाली, "घ्या हो ती तुकडी तशीच, पण जावा!" मी त्यांच्याबरोबर बाजारात जायचं सोडून दिलं होतं. खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटायची.

आणि मग त्यांची नजर माझ्या वडिलांवर गेली. वडील कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. इतके भिडस्त, की स्वतःची बनियनही दोरीवर टॉवेलाखाली झाकून वाळत घालायचे. एकदा दोघे व्याही आमच्याकडे जेवायला होते. पानं मांडेपर्यंत वडील तीनदा परसात जाऊन आले. सासऱ्यांनी ते मोजलं आणि वरणभातावर तूप पडत असताना सर्वांदेखत विचारलं, "व्याही, धार कशी आहे?" आईच्या हातून तुपाची वाटी सुटली. वडील पानावरून उठले आणि चार महिने त्यांनी व्याह्यांचं तोंड पाहिलं नाही. पण सासरे रोज सकाळी फाटकाशी येऊन उभे राहत. वडील खिडकी लावून घेत. मग अंगणात शिरून खिडकीला तोंड लावून सासरे ओरडत, "शिव्या घाला, पण चला!" शेजारीपाजारी ऐकत. शेवटी वडील चिडून बाहेर आले. "या वयात माझी शोभा करून घेऊ?"

"चौघे मिळून आंघोळ घालतात तेव्हा कसली शोभा राहते हो?" सासरे म्हणाले. "तेव्हा लेंगा राहतो का अंगावर?"

 वडील आत गेले आणि टोपी घालून आले.

दवाखान्यात वडील आत गेले आणि आम्ही दोघे बाहेर बाकावर बसलो. सासरे गप्प होते. मी त्यांना गप्प असं पहिल्यांदाच पाहत होतो.  "जावईबापू," ते हळूच म्हणाले, "माझ्या वेळी मला काही ठाऊकच नव्हतं, म्हणून भीती वाटली नाही. आज वाटत्ये."

वडिलांचाही कॅन्सरच निघाला, आणि तोही वेळेवर सापडला. ऑपरेशननंतर ते नऊ वर्षं जगले. माझ्या मुलीला त्यांनी सायकल शिकवली. व्याह्यांचे आभार त्यांनी कधी मानले नाहीत. दर दिवाळीला करंज्यांचा डबा मात्र स्वतःच्या हाताने नेऊन द्यायचे.

आता दोघेही नाहीत. मला पन्नास पुरी झाली तेव्हा मी कोणी न सांगता जाऊन तपासून आलो. काही निघालं नाही. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती "बरं झालं हो" म्हणाली आणि डोळे पुसून पुन्हा कामाला लागली. मी ओटीवर येऊन बसलो. रस्त्यावरून ओळखीचे दोघेतिघे गेले, त्यांनी हात केला, मीही केला. वाटलं, ही बातमी भर बाजारात ओरडून सांगणारं, मला लाजेने मान खाली घालायला लावणारं कोणीतरी आज हवं होतं.