एका बटणात सगळे ळ

मी जन्माने मराठी आहे; फक्त मला ळ येत नाही. भोपाळात वाढलो, हिंदी शाळेत शिकलो, त्यामुळे माझ्या तोंडी केळ्याचं 'केलं' होतं. बायको ललिता मात्र साताऱ्याची, आणि पंचवीस वर्षं इथे भोपाळच्या अवधपुरीत दर रविवारी मुलांना मराठी शिकवणारी! दिव्याखालचा अंधार तो मीच.

यंदा मराठी मंडळाने तिचा सत्कार ठरवला आणि मला चार शब्द बोलायला सांगितलं. तेहतीस वर्षांच्या संसारात मी तिचं तोंडावर कधी कौतुक केलं नाही (आमटीत मीठ कमी आहे, हे मात्र वेळेवर सांगितलं). म्हटलं, आता करायचंच, आणि तेही तिच्या शुद्ध मराठीत!

भाषण टाइप केलं. सवयीने सगळीकडे 'कालजी', 'शालेत'. एकेक दुरुस्त करत होतो, तेवढ्यात लेक मुक्ता डोकावली.

"बाबा, एक-एक करके कब होगा? कंट्रोल-एच दाबा. वरच्या डब्यात चुकीचं लिहा, खालच्या डब्यात बरोबर, मग 'सगळे बदला'. बस, हो गया!"

ती गेली. मी वर लिहिलं ल, खाली लिहिलं ळ, आणि दाबलं! पहिल्याच ओळीत 'काळजी' बरोबर, 'शाळेत' बरोबर! मग पुढचं कशाला वाचायचं? वेळ वाचवायलाच तर बटण असतं! कागद छापून खिशात घातला आणि चार दिवस आरशासमोर नुसता ळ घोटला.

सभेत दिसेल तो ळ मी जीभ वळवून म्हणू लागलो.

"माझी पत्नी ळळिता! हिच्या अंगात अनेक कळा आहेत."

"अगं बाई!" पहिल्या रांगेतल्या जोशीकाकू ओरडल्या. "खुर्ची द्या तिला आधी!"

"हिने कितीतरी मुळांना वळण ळावळं..."

खसखस पिकली. पण कागद सोडून बोलायची हिंमत कुठली? तसंच रेटलं.

"आजही हिच्या गाळावरची खळी पाहिळी, की..."

पुढचं हशात कुणालाच ऐकू गेलं नाही. ललिता पदराने डोळे पुसत होती. हसून की रडून, कळेना.

घरी येताच तिने हात पुढे केला. "आणा तो कागद."

लाल पेनाने ती एकेक ळ खोडत गेली आणि शेवटच्या ओळीपाशी थांबली. "'की माझा सगळा शीण जातो.' हे ऐकूच आलं नाही हो तिथे. खरंच?"

"अगं, खरंच," मी पुटपुटलो.

"दहापैकी तीन," ती म्हणाली, आणि कागदाची घडी जपून कपाटात साड्यांखाली ठेवली. "रविवारी वर्गात या."

तेव्हापासून दर रविवारी मी सात-सात वर्षांच्या पोरांबरोबर सतरंजीवर बसून मोठ्याने घोकतो, "ळ बाळाचा!" या बाळाला पेन्शन मिळते, एवढाच काय तो फरक!