भिंत कशी हलली?

उमरेडहून येणारी बस सक्करदऱ्याला थांबली, तेव्हा खिडकीखालून कोणीतरी ओरडलं, "तुमचा गंगाधर फोटोवाला गेला गा!" मी नेहमी तिथंच उतरतो. त्या दिवशी त्याच्या दारावरून जायला नको म्हणून पुढच्या थांब्यावर उतरलो. गेलेल्यांबद्दल गोड लिहायची रीत आहे, ती मला जमणार नाही.

गंगाधरदादा माझा चुलतभाऊ. ओसरीवर स्टुडिओची पाटी, गळ्यात एकशेवीस फिल्मचा स्वस्तातला डबा कॅमेरा आणि तोंडात फुशारकी. कोणी स्टँडबद्दल विचारलं की म्हणायचा, "स्टँड लंगड्याले लागते. आपला हात म्हणजे पत्थर!"

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे आजही छाती काढून सांगतो. बाबा उमरेडला मागावर बसायचे. मी बी.ए. झालो त्या दिवशी स्वतः विणलेलं उपरणं खांद्यावर टाकून आले. काळ्या झग्यात मी, शेजारी बाबा, मागे दादाच्या अंगणातली विटांची भिंत... आणि फोटो आला तो हललेला. बाबांचे नाकडोळे एकमेकांत मिसळलेले. दादा चारचौघांत म्हणाला, "काका, काहून हलले तुमी? सोता हलले अन् याले बी धक्का देला. पोराच्या फोटोची वाट लावली ना!"

बाबा ओशाळले. "मी त सास बी रोखून धरला होता, बाप्पा..."

पुढं जन्मभर ते येईल त्याला सांगत, "पोरगा बी.ए. झाला, पण फोटो माह्याच्यानं बिघडला." तो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. ट्रंकेत, त्याच उपरण्याच्या घडीत ठेवला, आणि तसेच गेले.

दादाच्या तेरवीनंतर वहिनींनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "घेऊन जा, भाऊजी. डब्बा पडूनच राह्यला." मी घेतला, पण आठवण म्हणून नाही. मला दोष कोणाचा ते पाहायचं होतं. समोरची पत्र्याची झाकणी खोलली, भिंगावरची बुरशी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, शटरच्या स्प्रिंगचा गंज काढला, मागच्या दाराच्या फटीला काळं मखमलीचं कापड चिकटवलं. फिल्म भरून त्याच अंगणात गेलो. एक फोटो स्टुलावर ठेवून काढला, एक हातात धरून.

"भाऊजी, भिंतीचा काहून फोटो काढून राह्यले?"

"ती हलत नाही म्हणून."

दोन्ही फोटो लख्ख आले. वीट न् वीट मोजून घ्यावी. मग ट्रंकेतला फोटो काढून शेजारी ठेवला. इतकी वर्षं सगळ्यांनी त्यात बाबांचा चेहराच पाहिला होता, मागे कोणी पाहिलंच नव्हतं. भिंत! प्रत्येक विटेची रेघ दुहेरी. बाबा हलले, बरं. मग भिंत कशी हलली?

तिन्ही फोटो नेऊन दाखवले, तशा वहिनींनी त्या दुहेरी रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "त्यायचा हात कापे, भाऊजी. लग्नाच्या आधीपासूनचा. कोणाले सांगशील त पाह्य, म्हणत."

म्हणजे त्याला माहीत होतं. हात कापतो याचा मला राग नाही. तो कोणाचाही कापेल. पण एका म्हाताऱ्यानं पोरासाठी श्वास रोखून धरला, आणि यानं त्यालाच चोर ठरवलं! एवढ्या वर्षांत एकदा उमरेडला जाऊन "काका, तुमी नाही हलले" म्हणायला काय जात होतं?

आता तो फोटो आमच्या बैठकीत लावला आहे, तसाच, हललेला. खाली फळीवर कॅमेरा. पाहुणे विचारतात, "फोटो हलला वाटते. कोण हललं गा?"

मी सांगतो, "फोटोवाला."