पावसाळ्यातली घोडी

माथेरानला पर्यटकांना फिरवणारी, पण पावसात तिथला धंदा बंद म्हणून खाली आणलेली आपली घोडी घेऊन एक बाई पावसाळाभर रोज सकाळी आमच्या पनवेलच्या सोसायटीसमोरून जायची. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात लगाम. चढ आला की घोडीबरोबर तीही धावायची.

एकदा आमच्या सेक्रेटरींनी तिला अडवलं. "रस्त्यात लीद पडते. आता हिला काम नाही, तर घरी बांधून ठेवा की!"

"बांधली की पाय आखडतात. मंग दिवालीला डोंगर कोन चढंल, तुमी?" खाली वाकून तिनं लीद पिशवीत भरली. "घान माजी, मी नेते. रस्ता सगल्यांचा हाय."

दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस होता. ती ठरल्या वेळी आली आणि सेक्रेटरींच्या खिडकीखालून घोडीला दोनदा पळवत गेली. मला फार बरं वाटलं.